पेज निथळेपर्यंत थांबायचं

"तुमच्या सिनेमाच्या दिवसांवर लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "दिवस कसले, मिनिटं म्हणा." त्यांना तो माझा विनय वाटला. माझ्या खऱ्या बोलण्याला लोक विनय समजतात, ही माझी जुनी अडचण आहे आणि पुढं ती पुन्हा येणार आहे.

मी एकूण तीन चित्रपटांत काम केलं, तिन्ही कृष्णधवल. पहिल्यात नायकाला पाणी दिलं, दुसऱ्यात आरतीचं ताट धरून उभी राहिले आणि तिसऱ्यात पहिल्याच रिळात वारले. मेल्यावर माझा हार घातलेला फोटो भिंतीवर शेवटपर्यंत होता, त्यामुळे हजेरीच्या दृष्टीनं ती माझी सर्वांत मोठी भूमिका म्हणायची. भंडारा जिल्ह्यात एवढं भांडवल जन्मभर पुरलं. पहिला चित्रपट भंडाऱ्याच्या टॉकीजला लागला आणि दुसऱ्या आठवड्यापासून नाटकांच्या पोस्टरवर माझं नाव 'सुप्रसिद्ध सिनेतारका कु. हेमलता' असं छापून येऊ लागलं. त्यातलं 'कु.' माझ्या लग्नानंतरही राहिलं आणि दोन बाळंतपणांनंतरही. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घरात लग्नाची आणि नाटकाची अशा दोन पत्रिका शेजारी शेजारी पडल्या होत्या. एकीत मुलगी चि. सौ. कां. होती आणि दुसरीत तिची आई कुमारी.

गावांची अट एकच असायची. नाटक कुठलंही असो, त्यात बाईंनी सिनेमातल्यासारखं पाणी द्यायचं. सिनेमात माझ्या वाट्याला "पाणी घ्या" एवढे दोनच शब्द होते. ते ऐकायला लोक चार-चार गावांवरून बैलगाड्या जुंपून यायचे. त्यासाठी मी भंडाऱ्याच्या भांडेबाजारातून एक पितळी तांब्या घेतला होता, तो पिशवीत कायम असे. एका नाटकात मी आंधळी होते, तरी खलनायकाला पाणी नेऊन दिलं. शिट्ट्या पडल्या. आंधळी असून बाईनं तांब्या बरोबर नेला, याचं कौतुक वेगळं झालं.

आता बाहेरच्या वाचकांसाठी आमचा धंदा थोडा समजावून सांगते. दिवाळी झाली की आमच्या धानाच्या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात आणि रात्री नाटक होतं. नाटक करणारे गावातलेच. दिवसा धान कापणारा माणूस रात्री बॅरिस्टर होतो, पोलिसपाटील दरोडेखोर होतो, आणि एरवी "मले", "तुले" बोलणारी ही मंडळी स्टेजवर चढली की "मातोश्री, मी आपला अपराधी आहे" अशी छापील भाषा बोलू लागतात. फक्त बाईचं काम करायला गावातली बाई चालत नसे. लेक किंवा सून चारचौघांत कुणाच्या गळ्यात पडणार, हे कसं चालेल? म्हणून गावची अब्रू घरात ठेवून बाहेरची अब्रू बोलावून आणायची, अशी रीत होती. ती बाहेरची अब्रू म्हणजे आम्ही.

पुस्तक पोस्टानं घरी यायचं. मी भंडाऱ्यात बसून माझी भूमिका पाठ करायची आणि गावचे लोक गावात त्यांची. तालीम एकत्र अशी होतच नसे. नाटकाच्या दिवशी दुपारी मी एसटीतून उतरायची, कुणीतरी माझी पेटी डोक्यावर घ्यायचं, आणि चहाच्या वेळी मला माझा नवरा दाखवायचे. "हे जी तुमचे मालक." मालक मान खाली घालून म्हणायचे, "चाय घेतला का जी?" दिवसाउजेडी आमचं बोलणं एवढंच. रात्री तोच माणूस माझ्यासाठी विष प्यायचा. स्टेजच्या पुढं कमरेइतका खोल खड्डा खणलेला असे. त्यात पेटीवाला, तबलावाला आणि पुस्तक घेऊन प्रॉम्प्टर बसायचा. माझी सगळी मदार त्या खड्ड्यावर.

असे नवरे मी शेकड्यांनी केले. एक सरपंच होते. नाटकात मी त्यांच्या थोबाडीत मारते असा प्रसंग होता, आणि गावात निवडणूक तोंडावर. ते चहाच्या वेळी हळूच म्हणाले, "बाई, त्ये थापड माह्या भावाले मारा जी. तो बी स्टेजवरच राहते." मी भावाला मारली. भावाला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं उलट विचारलं, "मले काहून?" तो त्या नाटकातला सर्वांत खरा संवाद होता. दुसऱ्या एका गावचे नायक तोंडात तंबाखूचा खर्रा धरूनच मरत असत. शेवटचे शब्द बोलायचे म्हणजे थुंकावं लागणार, म्हणून ते न बोलताच मरायचे आणि मी त्यांचे शब्द स्वतःच सांगायची, "काय म्हणालात? मुलाला शिकव?" लोक तेवढ्यावर रडायचे.

हे सगळं मी समारंभांतून पुष्कळदा सांगितलं आहे. जे सांगितलं नाही ते सांगण्यासाठी हा लेख. माझं नाव जाणत्या लोकांत ज्या एका गोष्टीसाठी घेतलं जातं, ती म्हणजे पाणी नव्हे, थांबणं. तुरुंगातून सात वर्षांनी आलेल्या नवऱ्याला दारात पाहून मी "आलात?" म्हणते आणि थांबते, त्या थांबण्यावर नागपूरच्या वर्तमानपत्रात अर्धा स्तंभ लिहून आला होता. ते थांबणं माझं नाही. ते ज्या बाईचं आहे तिला मी ते दिलं नाही, आणि दिलं तेव्हा उशीर झाला होता.

लाखांदूर तालुक्यात दिघोरीच्या अलीकडे उतरून तळ्याच्या पाळीनं चालत जावं लागे, असं ते गाव. तिथले नायक देवाजी. पाच फूट नऊ इंच, आवाज खणखणीत, आणि अक्षरओळख शून्य. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी मी त्यांची बायको होऊन दारात उभी राहिले, ते तुरुंगातून आले. पुस्तकात असं होतं: मी म्हणायचं, "आलात?" मग, "हात-पाय धुऊन घ्या, भात होतोच आहे." त्यांनी म्हणायचं, "भूक नाही." मी, "आई गेल्या." ते रडून, "मला कळलं होतं. तुरुंगात पत्र आलं होतं." मी, "तांबडी गाय व्याली." ते, "बरं झालं." मग मी, "धाकटीचं लग्न मोडलं," आणि ते भिंतीवर डोकं आपटणार.

मी माझ्या पद्धतीनं "आलात?" म्हणून हुंदका दिला आणि त्याच दमात हात-पाय धुवायला सांगितलं. देवाजी खाली वाकून चपला काढत होते. ते काही बोलेनात. खड्ड्यातून प्रॉम्प्टर गुरुजी ओरडून ओरडून थकले, पण देवाजींचे कान खड्ड्याकडे नव्हतेच. शेवटी मी पुढं गेले.

"आई गेल्या."

देवाजी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "भूक नाही."

मी दचकले, पण नाटक थांबवता येत नाही. "तांबडी गाय व्याली."

देवाजींनी टाहो फोडला. "मला कळलं होतं! तुरुंगात पत्र आलं होतं!"

आता मी काय करणार? "धाकटीचं लग्न मोडलं."

"बरं झालं," देवाजी म्हणाले.

पुढचा अख्खा अंक ते एक वाक्य मागे राहिले. लोकांना काही खटकलं नाही. तुरुंगातून आलेला माणूस असाच भ्रमिष्ट होतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि देवाजींच्या अभिनयाची तारीफ झाली. मला मात्र रडू येत होतं, रागानं.

सकाळी देवाजींच्याच घरी चहा होता, कारण बाहेरच्या बाईनं उतरायचं ते नायकाच्या घरी. त्यांची बायको गिरजा चुलीपाशी होती. तेव्हा पंचविशीची असेल, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "बाई, राग नोका येऊ देऊ. पण तुमी थांबल्या नाई."

"कुठं?"

"'आलात' म्हणून तशाच पुढं धावल्या. त्यायले चपला काढाले येळ लागते ना जी. मी थांबतो तिथं, तं त्यायले सवय पडली."

इथं मला कळलं की नाटक बसवलं कुणी. देवाजींना वाचता येत नव्हतं, गिरजा सातवी शिकली होती. ऐन रोवण्यात, चिखलात पाय घालून ती रोपं लावायची आणि त्यांना त्यांचं वाक्य सांगायची. मग मधलं माझं वाक्य ती स्वतः म्हणायची, त्याशिवाय पुढचं कसं येणार? रोवणीपासून कापणीपर्यंत धानाच्या त्या बांधीत माझी भूमिका तिनं केली होती. देवाजींना खड्डा ठाऊक नव्हता, त्यांना गिरजा ठाऊक होती.

"म्हणून दाखव," मी जरा कुत्सितपणेच म्हटलं. शहाणी बाई आहे, बघू तरी.

तिच्या हातात भाताचं भांडं होतं. झाकण धरून ती पेज गाळत होती. तिनं वर पाहिलंही नाही. "आलात?" म्हणाली, आणि थांबली. पेज निथळत होती ती पाहत राहिली. धार बारीक झाली, थेंब थेंब पडू लागले, थांबले. मग भांडं सरळ करून, माझ्याकडे पाठ करून, बाजारातून आलेल्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "हात-पाय धुऊन घ्या. भात होतोच आहे."

सात वर्षं त्या थांबण्यात होती. मी त्या वर्षांसाठी हुंदके, पदर, डोळ्यांत लावायचं ग्लिसरीन, काय काय वापरलं होतं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवाचं काय त्याच्यात?" ती म्हणाली. "भात उतू जाऊन राहिला आन् माणूस दारात उभा. बाई काय करन? आंधी भात उतरवन."

त्यानंतर दरवर्षी मी त्या गावी सकाळीच जाऊ लागले. नाटक दुसरं असलं तरी गिरजाच्या चुलीपाशी बसायची. ती म्हणून दाखवायची, मी पाहायची. नाटक झालं की दुसऱ्या दिवशी चहाबरोबर माझ्या चुका यायच्या. "लेकराले मारलं तं हात दुखते जी, तुमी हात कुठं झटकला?" असं काहीबाही. मला राग यायचा आणि मी सगळं पेटीत भरून आणायची. नागपूरच्या स्पर्धेत मी ते "आलात?" तिच्यासारखं म्हटलं. नाट्यगृहात टाचणी पडली तर ऐकू येईल, असं परीक्षक म्हणाले. तिथं एक चित्रपट-दिग्दर्शक बसले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं, "हे थांबणं मला कॅमेऱ्यात हवं," म्हणाले. शूटिंगला मी तांब्या पुढं केला, थांबले, आणि "पाणी घ्या" म्हटलं. चित्रपट लागला तेव्हा पाहिलं, तर थांबणं कापलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, फिल्म महाग असते, थांबायला परवडत नाही." ज्याच्यासाठी मला नेलं तेवढंच कात्रीत गेलं आणि पाणी राहिलं. त्या पाण्यावर मी सिनेतारका झाले.

वर्तमानपत्रातलं ते कात्रण मी गिरजाला नेऊन दाखवलं होतं. तिनं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "मले स्टेजवर जाचं नाई जी. घरचे जाऊ बी नाई देनार. पन एक बार तुमी गावात सांगा, का हे गिरजानं सांगतलं. बस." "सांगेन की," मी म्हटलं. किती सहज म्हटलं मी ते.

सांगायची वेळ दोन वर्षांनी आली. आदल्या रात्री करडीला नाटक होतं. धूळ, थंडी आणि लागोपाठची गावं. भंडाऱ्याला एसटी बदलली तेव्हाच आवाज खरखरत होता, तळ्याच्या पाळीवर पोचेपर्यंत पार गेला. नुसती हवा. नाट्यमंडळाचे अध्यक्ष डोकं धरून बसले. पाव्हणे आलेले, लेकी-जावई आलेले, पाच गावांच्या गाड्या वाटेत. ऐन वेळी दुसरी बाई कुठून आणणार? आणि मंडईचं नाटक पडलं तर ते गाव वर्षभर कुणाला तोंड दाखवत नाही.

गिरजा दाराआडून म्हणाली, "मले येते सगळं."

अध्यक्ष तिच्या सासूकडे बघत म्हणाले, "गावची सून स्टेजवर? काय बोलून राहिली वं?"

"स्टेजवर नाई. खड्ड्यातून म्हणीन. बाई वर हात हालवतीन."

सासू सुपात तांदूळ निवडत होती. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या घरात याचा अर्थ हो असा होता.

गुरुजी खड्ड्यातून बाहेर काढले गेले. गिरजा डोक्यावरून चादर घेऊन पेटीवाल्याच्या शेजारी बसली. लोकांना दिसू नये म्हणून पुढं बांबूची एक तट्टी लावली. पुस्तक तिच्या मांडीवर उघडं होतं, पण पान तिनं एकदाही उलटलं नाही, असं पेटीवाल्यानं मागून सांगितलं. मी वर ओठ हलवत होते. नाटक तेच, तुरुंगाचं. "आलात?" खालून आलं. मी दारात उभी. सवयीनं माझे ओठ पुढं धावले, पण खालून शब्दच येईना. मला थांबावंच लागलं. देवाजींनी चपला काढल्या, एक, मग दुसरी. वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या पायांच्या पुढं, खड्ड्याकडे पाहत होते. मंडपात लेकरूसुद्धा रडलं नाही. माझ्या सगळ्या धंद्यात असं नाटक परत झालं नाही, आणि त्यात मी एक शब्द बोलले नव्हते.

पडदा पडला, पुन्हा उघडला. अध्यक्ष खुशीत माइक घेऊन आले. "बाई, दोन शब्द बोला." विसरले बिचारे.

मी खाली पाहिलं. गिरजाच्या डोक्यावरची चादर घसरली होती. ती तट्टीच्या आतून मान वर करून पाहत होती. लोकांकडे नाही, माझ्याकडे. मी गळ्यावर हात ठेवला, आवाज बसलाय अशी खूण केली, आणि लोकांना हात जोडले. टाळ्या कडाडल्या.

आवाज बसला होता, हे खरंच. पण माइकपाशी कुजबुजलं तरी शेवटच्या बैलगाडीपर्यंत ऐकू जातं, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. "ही गिरजा होती" एवढे तीन शब्द कुजबुजायचे होते. मी ते गिळले. गावच्या सुनेला येतं हे कळलं, तर भंडाऱ्याहून बाई कोण बोलावणार, असं मी मनाला समजावलं. पोटाचं कारण सोयीचं असतं, कुणी त्याला नावं ठेवत नाही. खरं म्हणजे त्या टाळ्या मला सोडवल्या नाहीत.

सकाळी सासूनं चहा दिला. कप हातात देताना ती म्हणाली, "काल तुमचा आवाज आमच्या सुनेवानी लागला, बाई." एवढंच. मी चहा पिऊन एसटी धरली.

पुढच्या वर्षी नाटक झाल्यावर मी चुलीपाशी जाऊन बसले. गिरजानं कप पुढं ठेवला. मी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं जी," ती म्हणाली.

त्याच्या पुढच्या वर्षीही चांगलं झालं. एकदा मी मुद्दाम घाई केली. "आलात" म्हणून सुसाट पुढं गेले, देवाजी पुन्हा एक वाक्य मागे राहिले, गाय व्याल्यावर पुन्हा धाय मोकलून रडले. सकाळी मी अगदी आशेनं तिच्याकडे पाहिलं.

"चांगलं झालं," गिरजा म्हणाली आणि भात उतरवायला गेली. मला वर्तमानपत्रांनी झोडपलं आहे, एका गावानं खडे मारले आहेत. पण "चांगलं झालं" इतकं मला काही लागलं नाही.

मग दिवस पालटले. गावकऱ्यांची हौशी नाटकं कमी झाली, तयार कंपन्यांची नाटकं येऊ लागली. माझे गुडघे गेले, बोलावणी थांबली. देवाजी वारल्याचं मला वर्षानं कळलं, तेही बसस्टँडवर एका ओळखीच्या माणसाकडून. मी भेटायला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

मागच्या मंडईला त्या गावचं निमंत्रण आलं. जुन्या अध्यक्षांचा मुलगा आता अध्यक्ष आहे. वेशीवर माझा फ्लेक्स होता. मोबाइलवर शोधून त्यांनी माझा फोटो मिळवला होता, तिसऱ्या चित्रपटातला, हारासकट. गाडी चालवणाऱ्या पोरानं घाबरून माझ्याकडे वळून पाहिलं. आता नाटकात गावच्याच मुली काम करतात, कुणाची अब्रू जात नाही. दुपारी सत्कार ठेवला होता. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर गिरजा बसली होती. केस पांढरे, पाठ ताठ.

मी भंडाऱ्याहून निघतानाच ठरवलं होतं. आरशासमोर आठ दिवस तालीम केली होती. शाल झाली, नारळ झाला, आणि निवेदकानं "बाईंचं ते सुप्रसिद्ध थांबणं" असा उल्लेख केल्यावर मी माइकसमोर खुर्चीवर बसूनच बोलू लागले. "ज्या थांबण्याचं तुम्ही कौतुक करता ते माझं नाही ते या गावच्या गिरजाबाईंचं आहे आणि माझा आवाज बसला होता त्या वर्षी खड्ड्यातून त्याच बोलल्या होत्या आणि मी तेव्हा ते लपवलं त्याची मी आज सगळ्यांसमोर माफी मागते आणि मला इथं बोलावल्याबद्दल आभार मानते." एका दमात. संपलं एकदाचं.

टाळ्या! अध्यक्षांनी डोळे पुसले. "पाहा जी, केवढं मन! एवढी मोठी सिनेतारका, आन् स्वतःचं नाव आमच्या गावच्या साध्या बाईले देऊन राहिली. याले म्हनतात मोठेपण!" असं म्हणून त्यांनी मला दुसरी शाल घातली. मी "नाही, नाही" करत होते, तर तोही विनय ठरला. तेवढ्यात मला खोकला आला. अध्यक्ष माइकवरूनच म्हणाले, "पाणी आना रे. गिरजाआजी, तुमीच द्या जी. बाईनं तुमचं नाव घेतलं ना."

गिरजा ग्लास घेऊन आली. स्टेजच्या चार पायऱ्या ती सावकाश चढली. या स्टेजवर ती जन्मात पहिल्यांदा आली होती, आणि आली ती मला पाणी द्यायला. ती माझ्यापर्यंत आली, ग्लास पुढं केला आणि खाली वाकून, अगदी चुलीपाशी बोलायची तशी हळू म्हणाली:

"माहं नाव घेऊन थांबाचं होतं, बाई. तुमी तशाच पुढं धावल्या. थांबल्या असत्या तं लोकायले पटलं असतं."

मला वाटलं मी रडेन. कारण ती पुन्हा माझी चूक सांगत होती. इतक्या वर्षांनी सांगत होती.

आणि मग लक्षात आलं, माइक आम्हा दोघींच्या मधे होता. तिची कुजबूज मंडपाच्या चारही भोंग्यांतून, पार दुकानांपर्यंत गेली होती. अध्यक्ष हातातला कागद धरून तसेच उभे. गिरजानंही माइक पाहिला. दुसरी कुणी असती तर पदर तोंडाला लावून उतरली असती. ती थांबली. पेज निथळायला लागतो तेवढा वेळ थांबली. खाली पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं शेजारणीचा हात धरलेला मला दिसला. "त्या साली हाच आवाज होता वं," ती म्हणाली. शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मग गिरजा म्हणाली, "पाणी घ्या."

हे दोन शब्द मी जन्मभर म्हणत आले. ते कसे म्हणायचे असतात ते मला त्या दुपारी कळलं. मी ग्लास घेतला, खुर्चीवरून उठले आणि तिला बसायची खूण केली.

ती जरा थांबली आणि बसली.